पाठीवरचा मोर

पेठच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत, एका ओहोळाकाठी मनीषाचा पाडा आहे. हिवाळ्यात सकाळी तिथं धुकं असं उतरतं, की शेजारच्या अंगणातला माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. मनीषा या पाड्याची आशाताई. गोळ्या वाटणं, बाळंतिणींना दवाखान्यात नेणं, ही तिची नेहमीची कामं; पण तिचा जीव रमायचा तो थंडीतल्या पोरांच्या तपासणीत.

काम साधं होतं. पोराच्या अंगावर फिकट चट्टा दिसतो का ते बघायचं, आणि दिसला तर डोळे मिटायला लावून तिथं स्पर्श कळतो का ते तपासायचं. कुष्ठरोगाचा चट्टा खाजत नाही, दुखत नाही, गप्प बसून राहतो. लहान पोरात नवा चट्टा सापडला, तर त्याच्या जवळच्या कुणा मोठ्या माणसात रोग अजून आहे आणि त्याला औषध मिळालेलं नाही असं समजायचं, हे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मनीषाच्या पाड्यात कधीच काही सापडलं नव्हतं, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

तिला शिकवलं होतं पेनाच्या टोकानं तपासायला. पण पेन दिसला की पोरं सुई समजून पळायची. म्हणून तिनं कोंबडीचं पीस घेतलं आणि त्याला गाणं जोडलं. कपाळावर कावळा, गालावर साळुंकी, कोपरावर पारवा, पाठीवर मोर. ओट्यावर कोवळं ऊन, पोरं डोळे मिटून रांगेत बसलेली, आणि पीस हळूहळू एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातंय. जिथं पाखरू बसेल तिथं बोट ठेवायचं. बघणाऱ्यालाही गुंगी यावी असा तो खेळ होता. तपासणी संपली तरी पोरं वर्षभर तोच खेळायची, आणि मनीषाला वाटायचं, काय आपली अक्कल! ती अक्कलच तिला नडली.

यंदा तिला पडसं झालं आणि घसा पार बसला. गाणं म्हणता येईना, तेव्हा ती मुकाट्यानं पीस फिरवू लागली. बारकू आणि अंबूची सृष्टी समोर येऊन बसली. तिच्या पाठीवर, खांद्याच्या खाली, एक फिकट चट्टा होता. तो मागच्या वर्षीही होता. पण तेव्हा पीस लागताच सृष्टीनं बरोबर हात मागं नेला होता, आणि जंतांमुळं पडला असेल म्हणून मनीषानं तो सोडून दिला होता. यंदा पीस त्या चट्ट्यावर कितीतरी वेळ फिरत राहिलं. सृष्टी आपली डोळे मिटून, हसऱ्या तोंडानं बसलेली.

"मावशी," शेवटी ती म्हणाली, "मोर कवा येल?"

मनीषाचा हात थांबला. मागच्या वर्षी पोरीला पीस कळलंच नव्हतं, गाणं कळलं होतं. पारव्यानंतर मोर येतो, हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

डॉक्टरांनी चट्टा बघितला आणि तोच रोग असल्याचं सांगितलं. औषध फुकट आहे, पोरगी पूर्ण बरी होईल, म्हणाले. पण तिला तो आला कुणाकडून? बारकू आणि अंबू द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलेली. त्यांना तिकडच्या दवाखान्यात तपासलं. दोघं निरोगी निघाली. मनीषानं मग पाड्यातलं घर अन् घर पालथं घातलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! दर हंगामाला आईबाप गेले की सृष्टी राहायची मनीषाच्याच घरी, आणि निजायची तिच्या सासूच्या गोधडीत, गोष्टी ऐकत.

सासू ठमाबाई. आसपासच्या पाड्यांवर तिच्या हातांचं नाव होतं. तव्यावरची नागलीची भाकर ती बोटांनी उलटायची, निखाऱ्यावर बोटांनीच फिरवायची. लग्नकार्यात चुलीपुढचा मान तिचा. "ठमाकाकूच्या हाताला इस्तू बी घाबरतो," असं बाया कौतुकानं म्हणायच्या. मनीषाही म्हणायची.

त्या संध्याकाळी मनीषा चुलीपाशी बसून ते हात बघत होती. एका बोटाला टपोरा फोड आलेला, आणि म्हातारीला त्याचा पत्ताच नव्हता.

"आत्याबाई, डोळे मिटा."

"मलाबी खेळवतेस?" ठमाबाई खुशीत आली. डोळे मिटून तिनं तळवा पुढं केला आणि स्वतःच गुणगुणू लागली. कावळा आला, साळुंकी आली. मनीषा तिच्या बोटांवरून पीस फिरवत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पीस हरवलं का गं?" म्हणत ठमाबाईनं डोळे उघडले. पीस तिच्या बोटांवरच होतं. तिनं बोटावरचा फोड दाबून बघितला.

"माझ्या गोधडीत निजायची गं पोर," ती एवढंच म्हणाली.

दवाखान्यात तिच्याही गोळ्या सुरू झाल्या. औषध सुरू झालं की रोग पुढं जात नाही, आणि भाकरीतून तर तो कधीच जात नाही, हे मनीषानं तिला परोपरीनं सांगितलं. पण ठमाबाईनं गोधडी वेगळी केली आणि चुलीकडे पाठ फिरवली. मनीषानं फोनवर अंबूला सगळं सांगितलं. अंबूनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून मनीषाला आणि ठमाबाईला एकच धास्ती होती. अंबू पोर घेऊन जाईल, पाड्यात बोंब होईल, आणि या हातांची भाकर पुन्हा कुणी शिवणार नाही.

होळीला माणसं बागांवरून परतली. अंबू सरळ मनीषाच्या अंगणात आली. सृष्टी तिला बिलगली. अंबूनं लेकीची पाठ उघडून चट्टा बघितला, त्यावर हात फिरवला, आणि मग आत येऊन चुलीपुढं बसली.

"काकू, लांबून आले. भाकर टाक."

ठमाबाई जागची हलली नाही. "माझ्या हातची?"

"मंग कोणाच्या? माझी पोर तुझ्याच हातची खाऊन वाढली ना? तुला तरी कुठं ठावं व्हतं?"

ठमाबाई उठली. मनीषानं बाजारातून आणलेला चिमटा तिच्या हातात दिला. उभ्या जन्मात तिनं तो धरला नव्हता. भाकर तव्यावर फिरेना, उलटेना; एका अंगानं काळीठिक्कर पडली.

"करपली गं," ठमाबाई ओशाळून म्हणाली.

अंबूनं ती ताटात घेतली, मीठमिरचीशी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, आणि दुसरी मागितली.