झिरोकाकांच्या रक्तात काहीतरी

आमच्या प्रयोगशाळेत मलेरियाच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण मोजतात. मोजायचं तर आधी औषधाचा लवलेशही नसलेलं रक्त हवं. त्यात आपणच मोजूनमापून औषध मिसळायचं, ते मशीनला दाखवायचं आणि मग रुग्णाचं रक्त त्याच्याशी ताडून बघायचं. हे कोरं रक्त वर्षानुवर्षं एकाच माणसाचं असायचं, आमच्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञाचं. जन्मात गोळीला हात लावला नाही हा त्यांचा तोरा. म्हणून सगळे त्यांना झिरोकाका म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडायचं.

माणूस कामाला पक्का, पण कटकट्या. माझ्या हातात पिपेट जरा तिरकी झाली की, "अगं, कुंड्यांना पाणी घालतेस का?" मला असा राग यायचा! पण त्यांचा हात बघितला की तोंड बंद व्हायचं. थेंब हवा तिथेच आणि हवा तेवढाच पडायचा. त्या हातावरच त्यांची सगळी मिजास होती.

आणि नेमके तेच हात बिघडायला लागले होते. सकाळी बोटं आखडायची, शर्टाची बटणं काकू लावून द्यायच्या. ही गोष्ट घराबाहेर कुणालाच माहीत नव्हती. कळलं तर आपल्याला टेबलाशी बसवून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लावतील, ही धास्ती त्यांनी घेतली होती. हे सगळं मला नंतर कळलं.

एके दिवशी कोरं रक्त मशीनमध्ये गेलं आणि पडद्यावरच्या सपाट रेषेत, औषध उमटतं नेमक्या त्याच जागी, उंचवटा आला. छोटासाच, पण होता. पुन्हा लावलं, पुन्हा आला.

"तू नळ्या नीट धुतल्या नाहीस," काका म्हणाले.

नेहमीप्रमाणे खापर माझ्यावर. मी नव्या नळ्या काढल्या. उंचवटा होताच. रक्तातली प्रथिनं खाली बसवायला जो द्रव घालतो, त्याची नवी बाटली उघडली. उंचवटा होताच. मशीनवाल्याला बोलावलं. त्याने अर्धं मशीन खोललं, परत जोडलं, चहा प्यायला आणि मशीन ठणठणीत आहे म्हणाला. नुसतं पाणी सोडून बघितलं, तर रेष सपाट. आता माझं डोकं चालेना. रुग्णांचे रिपोर्ट अडकले, वॉर्डातून फोनवर फोन. काका तर जेवणाचा डबा न उघडता मशीनसमोर बसून राहिले. "कुठून येतंय हे?" एवढंच पुटपुटत होते.

शेवटी आमच्या प्रमुख मॅडमनी फ्रीजरमधलं काकांचंच जुनं रक्त लावायला सांगितलं. रेष सपाट! नवं लावलं, उंचवटा. मग आम्ही सगळे काकांकडे बघायला लागलो.

"माझ्याकडे काय बघताय?"

"काका, कसली गोळी घेता का?" मॅडमनी हळू विचारलं.

काकांचा चेहरा उतरला. म्हणाले, "बोटांसाठी घेतो. बोटांसाठी! मलेरिया कुठे झालाय मला? आणि रक्त द्यायच्या आदल्या दिवशी तीही टाळतो."

"नाव काय तिचं?"

नावच माहीत नव्हतं! गोळीचं पाकीट डोळ्यांसमोर नको, म्हणून ते काकूंना गोळ्या सोडवून साध्या डबीत भरायला लावायचे. काकूंना फोन लावला.

"अगं, त्या गोळीचं नाव वाच."

"अहो, तुम्हीच म्हणता ना, नाव कानावर घालू नकोस?"

"वाच गं बाई!"

काकूंनी कचऱ्यातून पाकीट शोधलं. वरचं मोठं नाव वाचलं, ते कुणालाच ओळखीचं वाटेना. मग खालची बारीक अक्षरं एकेक लावत वाचली. ते नाव काका रोज तोंडाने घेत होते. आमचंच औषध. सांधे आखडले तरी डॉक्टर तेच देतात, हे मॅडमना माहीत होतं. काकांना ते फक्त पडद्यावरच्या उंचवट्यावरून माहीत.

काका स्टुलावर बसले. "पण बोटं तर सुधारली," ते म्हणाले. "मला वाटलं गरम पाण्याने."

"याच औषधाने सुधारली," मॅडम म्हणाल्या.

"बंद केलं तर? रक्त कधी साफ होईल?"

"महिने जातील, काका. एक दिवस टाळून काय होतंय? आणि बोटं परत आखडतील."

काकांनी मूठ मिटली, उघडली. "म्हणजे रक्त ठेवलं तर हात जातात. हात ठेवले तर रक्त." त्यांनी मॅडमकडे बघितलं. "मला टेबलाशी बसवणार का?"

मला एकदम राग आला. काकांचा, औषधाचा की मॅडमचा, ते मला आजही सांगता येत नाही.

"हात चालतायत ना आता?" मॅडम म्हणाल्या. "मग गोळी चुकवायची नाही, आणि कोरं रक्त आता हिचं काढा. रुग्ण खोळंबलेत."

मी बाही वर केली. काकांनी दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. मी औषध घेत नाही ना, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, आणि मी खरं तेच सांगत असूनही माझी मला खात्री वाटेना. सुई एका फटक्यात बसली. त्यांचा हात जराही हलला नाही.

नळी भरत आली तशी ते तिच्याकडे बघत राहिले.

"तब्येतीला जप हं," ते म्हणाले. "आजारी पडू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी इतकं हळू बोलले, आणि मला तिथेच रडू फुटलं.