लग्नाच्या फोटोतला डोळा

तिला सगळे डोळेमावशी म्हणत. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. बारा वर्षं तिने खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्यांचे डोळे रंगवले. कारखाना बंद पडला तशी इस्पितळाच्या मागच्या खोलीत बसून माणसांचे नकली डोळे रंगवू लागली. काम तेच, बाहुल्या कुरकुर करत नसत, एवढंच.

एकदा एक केस कापणारा आला. अपघातात त्याचा डावा डोळा गेला होता. बोलत होती ती बायकोच.

"हात अजून तस्सा चालतो हो यांचा. पण आरशात ही पट्टी दिसली की गिऱ्हाईक उठून जातं. आता दुकानातली खुर्ची धाकट्या दिरांकडे, आणि हे टॉवेल धुतात."

"वस्तरेवाला एका डोळ्याचा म्हटल्यावर गळा कोण पुढे करील?" तो खाली बघतच म्हणाला.

माप झालं. पण रंग बघायला मान वर करील तर शपथ! बायकोने लगेच पर्समधून फोटो काढला. मावशीनेही म्हटलं, चला, फोटोवरून भागेल.

आठ दिवसांनी डोळा बसला. पांढराशुभ्र, काळाभोर, पाणीदार. बायको हरखली. त्याने आरसा घेतला आणि हळूच खाली ठेवला.

"मावशी, हा कुणाचा?"

मावशीने चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. गळ्यात हार! "अगं बाई, हा तर लग्नातला!"

"मग?" बायको फणकारली. "चांगला दिसत होता तोच दिला. म्हातारा डोळा करून घ्यायला कुणी इथवर येतं का?"

"एक डोळा चोविसाचा, एक चोपन्नाचा," मावशी म्हणाली. " नवरदेव कोण आणि सासरा कोण, गिऱ्हाइकाला कळायला नको?"

इतक्या दिवसांनी तो फिसकन हसला, आणि हसताना मान वर झाली.

"हां, अस्सं! आता हलायचं नाही," मावशीने त्याला खिडकीपाशी बसवलं.

चूक तिचीही होतीच. बारा वर्षांची सवय. ब्रश हातात आला की डोळा बाहुलीचाच व्हायचा. या वेळी तिने पांढऱ्यात चहाच्या डागाइतका पिवळा मिसळला. बुबुळाच्या कडेला राखाडी कड आली. लाल रेशमाचा धागा उसवून त्याचे केसाहून बारीक तंतू शिरांसारखे वाकडेतिकडे चिकटवले. त्याच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातला तपकिरी ठिपकासुद्धा सोडला नाही.

"तो तरी गाळा की," बायको कुजबुजली.

"देवाने नाही गाळला, मी कशाला गाळू?"

नवा डोळा बसला तेव्हा बायकोच बघत राहिली. "अगंबाई, हे तर आमचेच!"

पंधरवड्याने, डोळा टोचत तर नाही ना हे बघायला मावशी दुकानात गेली. टॉवेल दोरीवर वाळत होते. खुर्चीत गळाभर फेस लावून धाकटा भाऊ बसला होता आणि मागे वस्तरा घेऊन हा.

"पहिलं गिऱ्हाईक मीच होणार म्हणाला धाकटा," तो म्हणाला. "म्हटलं, बघ हं, पळायचं असलं तर आत्ताच पळ."

मान मागे टाकून भाऊ चक्क घोरत होता.