डोळे मिटून नेम

आमचे सासरे रिटायर्ड बस ड्रायव्हर. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या ह्यांनी त्यांना टीव्हीवर बास्केटबॉलचा गेम लावून दिला, आणि भोगलं अख्ख्या घराने. बटण दाबलं की खेळाडू उडी मारतो. ऐन टोकाला बटण सोडलं तर बॉल जाळीत, नाहीतर बाहेर. सासरे दिवसभर तेच करायचे, आवाज फुल्ल करून. त्यांना कमी ऐकू येतं, हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

पलीकडच्या खोलीत सासूबाईंचं शिलाई मशीन. "गेला बाहेर!" त्या सुईवरची नजर न काढता सांगायच्या, आणि खरंच गेलेला असायचा. वर पुटपुटायच्या, "मेलं आडमुठं ध्यान!" ध्यानाला कुठलं ऐकू येतंय!

मग एके दिवशी रस्त्यात मागून ट्रकने हॉर्न दिला, तरी सासरे ढिम्म. सासूबाईंनी दंड धरून खेचलं म्हणून वाचले. घरी आल्यावर चप्पलही न काढता त्या "कानाचं मशीन घ्या," म्हणाल्या, तर सासरे म्हणे, "मला काय धाड भरलीय?"

"मग खेळा माझ्याशी. मी जिंकले तर उद्या डॉक्टरकडे. हरले तर पुन्हा विषय काढणार नाही."

सासरे हसून लोटपोट. त्यांचे पाचात तीन जाळीत गेले. सासूबाईंनी रिमोट घेतला आणि चक्क डोळे मिटले! पाचच्या पाच जाळीत.

"लबाडी!"

"कसली लबाडी? उडी मारताना बूट चीं करतो. मग श्वासभर थांबायचं आणि सोडायचं. भिंतीपलीकडून तुम्हीच शिकवलंत."

"चीं? असलं काही नाहीये त्यात."

"आहे हो!" खालच्या मजल्यावरची शेजारीण खिडकीतून ओरडली. "आमच्या डोक्यात बसलंय ते!" हेही मलाच सासऱ्यांना मोठ्याने सांगावं लागलं.

त्यांनी टीव्हीला कान लावला. खेळाडूला पुन्हा पुन्हा उडी मारायला लावली. मग एवढंसं तोंड करून म्हणाले, "कधीपासून ऐकू येत नाही गं मला?" सासूबाईंना रडूच फुटलं.

आता कानाचं मशीन आलंय. टीव्हीचा आवाजही उतरलाय. काल सासऱ्यांचा नेम चुकला, तशा सासूबाई सवयीने पुटपुटल्या, "मेलं आडमुठं ध्यान!"

"ऐकलं हं!" बाहेरून आवाज आला.

सासूबाईंनी जीभ चावली. मग मुद्दाम, आणखी हळू, काहीतरी बोलल्या. मला शेजारी बसून कळलं नाही.

"तेही ऐकलं," सासरे म्हणाले.