काकूंची एक ओळ

सहा वर्षं झाली, मी एका मेलेल्या माणसाच्या मागे लागले आहे, आणि आता खरंच दमले. एकोणिसाव्या शतकातला हा चरित्रकार, इथे परदेशात, आमच्या श्रूजबरीपासून अर्ध्या तासावरच्या गावातला. थोर पुरुषांची चरित्रं धडाधड लिहायचा आणि लोकांच्या त्यावर उड्या पडायच्या. आज त्याला कुत्रं विचारत नाही, म्हणून मीच त्याचं चरित्र मराठीत लिहायला घेतलं. हौस, दुसरं काय! लायब्ररीत बसून त्याची पुस्तकं वाचली आणि डोकं फिरलं. प्रत्येक थोर पुरुषाच्या बायकोला एकच ओळ. सुशील होती, साथ दिली, संपलं. माझ्या वहीत मी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या आहेत.

मध्येच समोरच्या घरातल्या काकांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. इथल्या मराठी मंडळाने हॉल घेतला आणि काकांचा परिचय लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ऑफिस सांभाळून दोन संध्याकाळींत उरकला. टाळ्या पडल्या. जेवणाच्या रांगेत काकूंनी मला गाठलं.

"छान लिहिलंस गं. मलाही एक ओळ दिलीस. 'खंबीरपणे पाठीशी उभ्या राहिल्या.'"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"यांची नोकरी गेली तेव्हा मी शाळेच्या कॅफेटेरियात लागले, बावीस वर्षं काढली. त्याआधीचंही बरंच आहे. कुणाला सांगितलेलं नाही. लिहिशील माझं?"

"लिहीन ना काकू. एवढं पुस्तक हातावेगळं होऊ दे."

पुढे दोन-तीनदा त्यांनी आठवण करून दिली. एकदा शनिवार ठरला, तो मीच कॅन्सल केला. म्हणे पुस्तकाचं एक प्रकरण संपवायचं होतं. कसलं डोंबलाचं प्रकरण! तो चरित्रकार कुठे पळून चालला होता?

या मार्चमध्ये काकू गेल्या. अंत्यविधीला वाचायला काहीतरी लिही, म्हणून काकांनी बोलावलं. मी वही उघडून बसले. काकूंची शाळा कुठली? कॅफेटेरियाच्या आधी काय झालं होतं? काका आठवत राहिले. माहेरचं गाव सांगितलं, मग तेही बदललं. रडले. मला तर रडायचंही त्राण नव्हतं.

शेवटी त्यांनी कपाटातून माझाच तो परिचय काढला, घडी उलगडली आणि एका जागी बोट ठेवलं.

"हे तू फार छान लिहिलं होतंस बघ. हेच घाल."

मी ती ओळ उतरवून घेतली.