इस्त्रीखालच्या खारी

चूक माझीच होती. गरम इस्त्रीचा वास आला, की अमरावतीच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. मुलीच्या वाढदिवसाच्या फ्रॉकवर लावायला बायको लोकरीच्या चिमुकल्या खारी विणत होती, मुलीच्या आवडत्या कार्टूनमधल्या. त्यांच्या कडा सारख्या दुमडत, ती वैतागून उसवायची, पुन्हा विणायची. मदत म्हणून मी त्यांवर इस्त्री दाबली. ॲक्रिलिकची लोकर ती, वितळून चपटी, चकचकीत झाली. "तुमाले कोनं म्हटलं होतं हात लावाले?" ती रडकुंडीला आली. उलट मीच ओरडलो, "सुती धागा काहून नाही घेतला?" त्यानंतर तिनं क्रोशाची सुई हातात धरली नाही. मुलगी आता अकोल्याला शिकते. परवा चहा पिताना बायकोला म्हणालो, "लोकरीचा दोष नव्हता. मी तुले न इचारता हात लावला, वरून तुलेच बोललो. माफ कर मले."