बायकोला तिचंच गाव दाखवलं

अमरावती पायी पाहावी, असं मी अजूनही सांगतो. अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या गल्लीत, कुणाला एका दिवसात अमरावती करून यायची असली की तो आधी माझ्याकडे येई. मी तिथे दोन वर्षं कॉलेजात होतो. अभ्यासातून फारसं काही हाती लागलं नाही, पण दह्यातला गिलावडा कुठल्या कोपऱ्यावर खावा आणि शहराच्या जुन्या तटाच्या, म्हणजे परकोटाच्या, कुठल्या खिडकीतून बाहेर पडलं की उन्हातला फेरा वाचतो, एवढं ज्ञान मात्र पदरात पडलं होतं. त्या भांडवलावर मी गल्लीचा वाटाड्या झालो. सकाळची पॅसेंजर धरायची, बडनेऱ्याला उतरून अमरावतीची छोटी गाडी, मग वडाळीचं तळं, परकोट, अंबादेवी, गिलावडा आणि परत. लोक जात, पाय सुजवून येत आणि माझं नाव घेत. कोणत्या सुरात घेत, ते मी कधी विचारलं नाही.

लग्न झालं ते नेमकं अमरावतीच्या मुलीशी. परकोटाच्या आतल्या एका गल्लीत जन्मलेली, तिथेच वाढलेली. तरी तिला अमरावती दाखवायची ती मीच, अशी माझी समजूत होती. ती आता नाही, म्हणून ही गोष्ट मला एकट्याला सांगावी लागते आहे. ती असती तर दर दोन वाक्यांनी थांबवून म्हणाली असती, "तसं नव्हतं ते."

लग्नात एक भानगड झाली होती. पहिल्या पंगतीत माझ्या मामांच्या पानावर वरणभात आला, पण तूप आलं नाही. तुपाचं भांडं दुसऱ्या टोकाला होतं आणि निघालं होतं, असं मुलीकडच्यांचं म्हणणं. मामा पाटावरून उठले. त्यांच्यामागे माझे वडील उठले. समजूत निघाली, तूप आलं, जेवणं झाली, पण वडिलांनी मनात गाठ मारली ती मारली. मुलीकडच्यांनी येऊन चुकलं म्हणून चार शब्द बोलावेत, मुलगी न्यायला रीतसर मुराळी पाठवावा, मगच सून माहेरी जाईल. तिकडे सासरेही त्याच मातीचे. तूप वाटेत होतं, तर चार शब्द कशाचे? त्यामुळे ना भाऊ न्यायला आला, ना आम्ही धाडलं. नागपंचमी गेली. दिवाळसणही कोरडा गेला. पॅसेंजरने एका सकाळीत पोचावं एवढं माहेर, आणि ती लग्नापासून आईला भेटलेली नव्हती.

हे सगळं मला दिसत होतं. मोर्णा नदीवर धुणं घेऊन गेली की ती परतायला उशीर करी, हेही दिसत होतं. पण वडिलांपुढे बोलायची वेळ आली की मी हवापाण्याचं बोलून उठे. शेवटी थंडीच्या दिवसांत मी एक शक्कल काढली. वडिलांना म्हटलं, तिला घेऊन एक दिवस अमरावती पाहून येतो.

वडिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "पाहाले जाय. पन त्यायच्या दारात पाय ठेवाचा नाही. समजलं काय?"

"समजलं."

ती आत स्वयंपाकघरात होती. रात्री एवढंच म्हणाली, "शुक्रवारी जाऊ."

"काहून? शुक्रवारीच काहून?"

"असंच."

शुक्रवारी तिची आई सकाळी अंबादेवीला जाते, लग्नाआधीपासून न चुकता जाते, हे तिने सांगितलं नाही. देऊळ कुणाच्या दारात येत नाही. तिथे मायलेकी समोरासमोर आल्या तर वडिलांचा शब्दही राहतो आणि मुराळी येवो न येवो, भेटही होते. सगळं तिने मनाशी नीट बांधलं होतं. त्यात कच्चा दुवा एकच होता. वाटाड्या मी होतो.

अमरावतीला उतरलो तेव्हा हवेत गारवा होता आणि स्टेशनबाहेर संत्र्यांच्या टोपल्या मांडल्या होत्या. ती म्हणाली, "आधी देवीले जाऊ."

"देवी काय पळून चालली? सकाळी वडाळीचं तळं पाहावं. पाणी कसं आरशासारखं असतं!"

"मी पाह्यलं हाये ते."

"माझ्याबरोबर नाही पाहिलं."

आम्ही चालत निघालो. वाटेत ती आणखी दोनदा देवीचं म्हणाली आणि दोन्ही वेळा मी तिला दिवसाची आखणी म्हणजे काय असतं ते समजावून सांगितलं. तिच्या हातात एक पिशवी होती, ती मी मोठ्या मनाने माझ्याकडे घेतली. तळ्याकाठी बसल्यावर भूक लागली, म्हणून पिशवी उघडली. वर खण-नारळ, खाली फडक्यात बांधलेली एक बरणी. लिंबाचं लोणचं. घरून आणलेल्या पोळ्यांबरोबर मी ते चांगलं अर्धं संपवलं. ती पाहत राहिली.

"कसं झालं?"

"झकास! तू केलंस?"

"पहिल्यांदाच केलं," ती म्हणाली आणि बरणीचं तोंड पुन्हा बांधून टाकलं. लोणचं कुणाला दाखवायला आणलं होतं, हा प्रश्न मला पडला नाही. देवीला लोणच्याचा नैवेद्य कुणी दाखवत नाही, एवढा तरी विचार मनात यायला हवा होता.

मग परकोट. एका खिडकीपाशी उभा राहून मी तिला इतिहास सांगितला. इथून म्हणे घोडेस्वार उड्या टाकत. तिने त्या दगडी चौकटीकडे पाहिलं. "आमी शाळेत जाताना टाकत होतो," ती म्हणाली. "घोडं नाही मावत यातून."

देवळात पोचलो तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. रुक्मिणी कौंडण्यपुराहून याच देवीच्या दर्शनाचं निमित्त करून आली आणि इथूनच श्रीकृष्णाने तिला नेलं, असं आमच्याकडे लहान पोरसुद्धा सांगतं. तेवढ्या बाबतीत श्रीकृष्णाला मानलं पाहिजे. तो वेळेवर आला होता.

देवळात गर्दी ओसरलेली. ती प्रत्येक लुगड्याकडे पाहत गाभाऱ्यापर्यंत गेली, ओटी भरली, प्रदक्षिणा घातली, पुन्हा एकदा घातली. मग खांबाला टेकून बसली.

"चला," मी म्हटलं. "गिलावडा संपून जाईल."

ती उठेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "माय येते शुक्रवारी. सकाळच्याले. येऊन गेली असंन."

आता सगळं एकदम माझ्या टाळक्यात उतरलं. शुक्रवार, देवी, लोणचं. तोंडात ती चव अजून होती.

"मग आधी नाही सांगायचं?"

"सांगतलं असतं तर तुमाले मामंजीपाशी खोटं बोला लागलं असतं. तुमाले खोटं जमत नाही." मग पदराचं टोक सोडून, "इतिहास सोडून."

"चल, घरी जाऊ तुझ्या. होईल ते होईल."

"मुराळी नाही, सांगावा नाही, भरदुपारी हातात पिशवी घेऊन? गल्ली म्हणंन, पोरगी टाकून देल्ली. मायले दारात बसता येणार नाही मंग."

तिचं खरं होतं. आमच्याकडे न्यायला कुणी आल्याशिवाय माहेरी आलेल्या मुलीकडे लोक आधी कपाळाकडे आणि मग सामानाकडे पाहतात. पण मला तिथे उभं राहवेना. "बस इथेच," म्हणालो आणि निघालो. बायको न्यायची नसेल तर मी एकटा जातो, एवढाच माझा हिशेब. बायकोशिवाय एकटा, न सांगता, घामाघूम होऊन दारात आलेला जावई पाहून सासूला काय वाटेल, हा हिशेब मी केला नव्हता.

सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, मागे कुणी नाही हे पाहिलं. सूप हातातून गेलं.

"पोरगी कुठी हाये? काय झालं माह्या पोरीले?"

"काही नाही, काही नाही! देवळात बसली आहे. तुमची वाट—"

वाक्य संपायच्या आत त्या गेल्या होत्या. पायात काही नाही, डोक्यावरचा पदर खांद्यावर, हाताला तांदळाचा कोंडा. ज्या गल्लीत लेकीला भरदुपारी यायची चोरी, त्याच गल्लीतून आई धावत गेली आणि कुणी काही म्हणालं नाही.

ओसरीवर सासरे वर्तमानपत्र घेऊन उभे राहिले होते. काळी टोपी, हातात काठी, एका गुडघ्यावर भार न देता उभे.

"या जवाईबापू. आत या."

"नाही. वडिलांना शब्द दिलाय. तुमच्या दारात पाय ठेवायचा नाही."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. पाय दारातच होते. मी दोन पावलं मागे सरून गल्लीत उभा राहिलो. मग वर्तमानपत्राची घडी घालत, घडीकडेच पाहत त्यांनी विचारलं, "बरी हाये नं?"

"बरी आहे. चला ना तुम्ही पण."

"मी कसा येऊ?" ते म्हणाले. "तुमच्या घरून मान राखला गेला असता तर गोष्ट वेगळी."

मी परत फिरलो. देवळात सासूबाईंनी तिला पुढ्यात बसवून तिचा सैल झालेला अंबाडा सोडला होता आणि बोटांनी पुन्हा घालून देत होत्या. शेजारी अर्धी बरणी उघडी होती. मी जवळ गेलो नाही. बाहेर शेंगा खात बसलो, अगदी उन्हं कलेपर्यंत.

स्टेशनला जायला मी टांगा पाहू लागलो, तर ती म्हणाली, "चालत जाऊ." चालत म्हणजे काय, गोगलगाय पुढे निघून जावी असं. एका कापडाच्या दुकानासमोर थांबली. मग भांड्यांच्या. मग एका साध्या धान्याच्या दुकानाकडे बोट करून मला विचारलं, "हे कवाचं हाये वो?"

जन्म त्या रस्त्यावर गेलेली बाई मला विचारत होती! मी खूश. दाखवायला हात वर करून वळलो आणि मागे रस्त्याच्या कडेने, बरंच अंतर ठेवून, एक काळी टोपी येताना दिसली. काठी टेकत, एक गुडघा ओढत. आम्ही थांबलो तशी तीही थांबली आणि पानाच्या ठेल्याकडे तोंड करून उभी राहिली.

तिने मागे वळून पाहिलं नव्हतं. एकदाही नाही. वळून पाहिलं असतं तर त्यांना परत फिरावं लागलं असतं.

"कवाचं हाये, सांगा नं," ती म्हणाली.

मी सांगायला लागलो. हे दुकान नबाबाच्या काळातलं, खाली तळघर आहे, तळघरात विहीर आहे. पुढच्या वाड्यात कुणा सरदाराचा हत्ती बांधत. त्यापुढच्या लिंबाखाली एक फकीर बसे, तो फक्त खोटं बोलणाऱ्यालाच पाणी देई. दिवसभर थापा मारल्या होत्या, पण एवढ्या मन लावून कधीच मारल्या नव्हत्या. गाडीची शिटी झाली. मी आवाज वाढवला.

"मंग?" ती म्हणाली आणि चाल आणखी हळू केली. "मंग काय झालं?"