साहेबाच्या बंगल्यावरची डाली

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात पुलांची कंत्राटं कोणाला आणि कशी मिळत, त्यात कोणाचे हात ओले होत होते का, हे शोधायला मी जर्मनीत कोलोनला आले. हे पुण्यात राहून करता आलं नसतं का, असं सगळे विचारतात. आलं असतं. पण शिष्यवृत्ती इथे मिळाली, आणि नवऱ्याची नोकरीही इथलीच.

माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण कधीपासून अडकलं होतं. एक कंत्राटदार सणासुदीला इंजिनिअर साहेबाच्या बंगल्यावर फळांची, मिठाईची टोपली पाठवायचा. तिला डाली म्हणत. पुढची कंत्राटंही त्यालाच मिळायची. माझं म्हणणं, ही आपली रीत. त्यात लाच कसली? माझ्या जर्मन प्राध्यापकबाई म्हणत, "रीत कुठे संपते ते दाखव." मला त्यांचा भयंकर राग यायचा. जिथे आपल्या वाढदिवसाचा केक आपणच आणून सगळ्यांना खाऊ घालायचा असतो, तिथल्या माणसांना डालीतलं काय कळणार?

त्यातच माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. वाढवून मिळायची तर बाईंची शिफारस हवी. ती नाही मिळाली, तर प्रबंध अर्धवट टाकून घरी बसायचं.

नेमके तेव्हाच माझे सासरे, बाबा, पुण्याहून आले. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. माणूस एकदम चोख. त्यांनी कंत्राटदाराचा चहासुद्धा कधी घेतला नाही, हे आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला चहा देताना सांगितलं जातं. माझं प्रकरण ऐकून ते तावातावाने डालीच्या बाजूने उभे राहिले. "अगं, माणुसकी आहे ती. गोऱ्यांना काय कळतंय!" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरात तरी कोणी माझ्या बाजूचं होतं.

मग त्यांना माझं विद्यापीठ बघायचं होतं. मी बाईंची टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, घेतली, आणि बाबांनी भारतीय दुकानातून हापूसची पेटी आणली.

"अहो बाबा, इथे असं चालत नाही."

"गुरूंकडे रिकाम्या हातानं जायचं? काहीतरीच तुझं!"

त्यांच्यापुढे आमच्या घरात कोणाचंच काही चालत नाही. बाईंच्या खोलीत त्यांनी पेटी टेबलावर ठेवली, हात जोडले आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "आमच्या सूनबाईंच्या शिष्यवृत्तीकडे जरा लक्ष असू द्या."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. बाईंनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "शिफारशीवर मी सकाळीच सही केली आहे. पण ही पेटी घेतली, तर ती शिफारस मला फाडावी लागेल."

"मॅडम, हे नुसते आंबे आहेत!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. मग त्यांनी अगदी कुतूहलानं विचारलं, "तुमच्या नोकरीत कंत्राटदार आंबे आणायचे?"

"दर वर्षी. मी दारातूनच परत पाठवायचो."

"का? रीत होती ना?"

"रीत कसली! त्यांना काहीतरी हवं असायचं," बाबा तडकाफडकी बोलले.

बोलता बोलता त्यांची नजर पेटीवर गेली, आणि त्यांनी ती उचलली. बाईंनी उठून त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

परतताना अख्ख्या ट्राममध्ये हापूसचा घमघमाट सुटला होता. लोक वळून वळून बघत होते. मला हसू फुटत होतं, पण बाबा पेटी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसले होते. ते पाहून हसू विरलं आणि फार वाईट वाटलं.

जेवायला आमरस केला. बाबांनी वाटी जवळ ओढली, पण खाल्लं नाही.

"तुझा तो कंत्राटदार लाच देत होता," ते म्हणाले. "लिहून टाक तसं."

"आणि साहेब?"

"त्यानं डाली परत पाठवली होती?"

"नाही."

"मग मला काय विचारतेस?"